शर्यतीचा एल-सेक्शन

माझ्या डोंगराळ मॅरेथॉन शर्यतीला १९ दिवस उरलेत. माझ्या कपाटाच्या दाराला आतून आलेख-कागदाची ८४ सेंटिमीटर लांबीची पट्टी चिकटवलेली आहे. रोज पहाटे मोजे काढायला दार उघडलं की ती समोर येते. आडवं माप एक सेंटिमीटरला ५०० मीटर, उभं माप एक सेंटिमीटरला ५० मीटर. पेन्सिलीने काढलेली जमिनीची रेषा, तिच्याखाली चेनेज, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, त्याच्याखाली आर.एल., म्हणजे त्या जागेची उंची. रस्त्यांच्या कामात वीस वर्षं ड्राफ्टिंग करतेय, त्यामुळे कुठलाही मार्ग मला असा कागदावर उतरवल्याशिवाय कळत नाही. आम्ही याला एल-सेक्शन म्हणतो. रस्ता लांबीतून उभा कापला तर जमीन कशी वरखाली होते, त्याचं हे चित्र.

आयोजकांनीही असंच चित्र दिलेलं असतं, पण ते मोबाइलच्या पडद्यात बसवलेलं असतं. ४२ किलोमीटर बारा सेंटिमीटरमध्ये आणि ३२० मीटरची उंची चार सेंटिमीटरमध्ये. म्हणजे उंची लांबीच्या मानाने चाळीसपटीहून जास्त ताणलेली. ते पाहून पहिल्यांदा पोटात गोळाच येतो, कारण प्रत्येक चढ भिंतीसारखा दिसतो. माझ्या पट्टीवर उंची दहापट ताणलेली आहे. रस्त्यांच्या नकाशात आम्ही साधारण एवढीच ठेवतो, आणि त्यातून मला खरा रस्ता वाचता येतो. डोंगराळ मॅरेथॉनच्या तयारीची सुरुवात मी इथून करते. आधी भीती मापात आणायची.

तर माझ्या शर्यतीचा मार्ग असा आहे. पहिले ३ किलोमीटर जवळजवळ सपाट. ३ ते ९ मध्ये १८० मीटर चढ, म्हणजे ३ टक्के. ९ ते १३ मध्ये १६० मीटर उतार, ४ टक्के. पुढे २४ पर्यंत रस्ता लाटांसारखा, सगळ्या लाटा मिळून ९० मीटर. मग २४ ते ३१.५ हा मोठा चढ, ३०० मीटर, सरासरी ४ टक्के. तिथून ३८ पर्यंत ३१० मीटर खाली. आणि ४० व्या किलोमीटरला ३० मीटरचा एक उंचवटा, जो चित्रात दिसतसुद्धा नाही. एकूण चढ ६०० मीटर.

हा ‘एकूण चढ’ नावाचा आकडा सगळे एकमेकांना विचारतात. “किती एलिव्हेशन आहे?” “सहाशे.” “अरे बापरे.” किंवा “एवढंच?” पण ६०० मीटर कुठे आहेत, कुठल्या क्रमाने आहेत आणि त्यांच्यानंतर काय आहे, हे त्या आकड्यात नसतं. सरासरी टक्केवारीही तशीच. मोठ्या चढाची सरासरी ४ टक्के आहे खरी, पण मी कंटूर नकाशावरून, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशावरून, दर २५० मीटरला उंची काढत गेले तेव्हा २७ व्या किलोमीटरनंतर ७०० मीटरचा एक तुकडा ९ टक्क्यांचा निघाला. त्याच्या आधी आणि नंतर रस्ता बराच सौम्य आहे, म्हणून सरासरीत तो दडून बसला होता. तो तुकडा मी लाल पेन्सिलीने रंगवलाय. तिथे काय करायचं ते आधीच ठरलेलं असायला हवं, कारण २७ किलोमीटर पळून झाल्यावर डोकं शहाणपणाचे निर्णय घेत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण आमच्या पळणाऱ्या गटात यावर नेहमी घोळ होतो. टक्के आणि अंश एक नाहीत. १० टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १० मीटर वर. अंशात तो ६ च्या खालीच राहतो. १०० टक्के चढ म्हणजे ४५ अंश. ट्रेडमिलवर १० लावून कोणी १० अंश चढल्याचं सांगत असेल, तर त्याने जेमतेम पावणेसहा अंश चढलेले असतात.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगते, कारण ही पट्टी तिथूनच आली.

तेव्हा मी पहिल्यांदा चढउताराची मॅरेथॉन पळाले. एकूण चढ आत्तापेक्षा कमी होता, ५२० मीटर. मी चार महिने चढ चढले. आठवड्यातून दोनदा हिल रिपीट्स, म्हणजे एकच चढ पुन्हा पुन्हा चढायचा-उतरायचा. वर जाताना जीव तोडून आणि खाली येताना रमतगमत, बऱ्याचदा चालतच, कारण तो आराम समजायचा असतो असं मी शिकले होते. शर्यतीच्या दिवशी चढांनी मला अजिबात त्रास दिला नाही. त्यामुळे प्रत्येक उतार मला बक्षीस वाटला. दुसऱ्यांना मागे टाकत, घड्याळात किलोमीटरला ५ मिनिटं १५ सेकंद बघत मी खाली आले. श्वास शांत होता. अर्धी शर्यत २ तास १२ मिनिटांत झाली.

३३ व्या किलोमीटरला, पुन्हा एका उतारावर, माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. पेटका नव्हता, दमही लागला नव्हता. पाय जमिनीला टेकला की गुडघ्याच्या वरचा भाग वजन घ्यायलाच तयार नव्हता, जुन्या टेबलाचा पाय हलावा तसा तो हलत होता. चढावर मी पळू शकत होते आणि उतारावर कठड्याला धरून चालत होते. लोकांना वाटलं मला चक्कर येतेय. उरलेल्या अर्ध्या शर्यतीला ३ तास ९ मिनिटं लागली. त्यानंतर तीन दिवस मी जिने उलटे, पाठमोरी उतरले.

मला खूप वाईट वाटलं होतं. चार महिन्यांची मेहनत मी चुकीच्या दिशेला केली होती, हे कळायलाही पुढे काही आठवडे गेले.

कळलं ते असं. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि लांब होत असतानाच त्याला आवळून धरावं लागतं, नाहीतर गुडघा वाकून आपण खाली बसू. विहिरीत भरलेली घागर दोराने सोडताना जसा दोर हातातून सरकू द्यायचा आणि त्याच वेळी घट्ट धरायचा, तसं. वर ओढताना दंड दुखतात. सोडताना तळहात सोलतात. स्नायूचे बारीक तंतू अशाच कामात सर्वांत जास्त फाटतात, आणि दुखणं लगेच कळत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असतं. पण ताकद त्याच वेळी, तिथल्या तिथे कमी होत जाते. शर्यतीत आपल्याला कळत नाही कारण श्वास आणि नाडी दोन्ही सांगत असतात की सगळं छान चाललंय.

२००२ मध्ये मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. डोंगरात पळणाऱ्या धावपटूंना वेगवेगळ्या उताराच्या ट्रेडमिलवर पळवून, एक मीटर अंतराला शरीर किती ऊर्जा खर्च करतं ते त्यांनी मोजलं. त्यांच्या सूत्राप्रमाणे सपाटीवर दर किलो वजनामागे दर मीटरला साधारण ३.६ ज्यूल लागतात. ५ टक्के चढावर ते सुमारे ४.७ होतात, म्हणजे ३० टक्के जास्त. ५ टक्के उतारावर सुमारे २.७५, म्हणजे २४ टक्के कमी. चढाने घेतलेलं उतार पूर्ण परत करत नाही, हे पहिलं. दुसरं जास्त महत्त्वाचं: हे सगळं ऑक्सिजनवरून मोजलेलं आहे. मांडीचे तंतू किती फाटले याची नोंद या खात्यात होतच नाही. माझ्या मार्गाचा हिशेब या सूत्रात बसवला तर सपाट मॅरेथॉनपेक्षा जेमतेम चार-पाच मिनिटं जास्त लागायला हवीत. मी वीस मिनिटं धरली आहेत. मधला फरक पायांचा आहे.

बॉस्टन मॅरेथॉनच्या मार्गाचा एल-सेक्शन मी त्याच काळात काढून बघितला, निव्वळ कुतूहलापोटी. तिथली हार्टब्रेक हिल जगभर प्रसिद्ध आहे, आणि तिची उंची आहे सुमारे २७ मीटर! नऊ मजली इमारतीएवढा चढ, तोही जवळजवळ अर्धा-पाऊण किलोमीटरमध्ये पसरलेला. माझ्या मोठ्या चढाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. तो लोकांना का मोडतो ते कागदावर लगेच दिसतं. तो ३२ व्या किलोमीटरनंतर येतो, वाटेतल्या न्यूटन शहराच्या चढांपैकी शेवटचा, आणि त्याच्या आधी हॉपकिंटनपासून, म्हणजे सुरुवातीच्या गावापासून, रस्ता बहुतेक खालीच येत असतो. सुरुवातीचे किलोमीटर तर सरळ उताराचे. तिथे ज्याने पाय वापरून टाकले त्याला न्यूटनमध्ये बिल येतं. नावामागची गोष्टही अशीच आहे. १९३६ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता जॉनी केली याने याच चढांवर एलिसन ब्राउनला गाठलं आणि पुढे जाताना त्याच्या खांद्यावर थोपटलं. ब्राउन पेटून उठला, पुन्हा पुढे गेला आणि जिंकला. केली पाचवा आला. ‘बॉस्टन ग्लोब’च्या जेरी नेसनने लिहिलं की इथे केलीचं काळीज तुटलं, आणि चढाला नाव मिळालं.

त्या मार्गात सुरुवात आणि शेवट यांच्यात सुमारे १४० मीटरचा फरक आहे. विश्वविक्रमाच्या नियमात किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर. शिवाय सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्यापेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणून २०११ मध्ये जेफ्री मुताय तिथे २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत पळाला, तेव्हाच्या विक्रमापेक्षा जवळजवळ एक मिनिट कमी वेळात, तरी तो विश्वविक्रम धरला गेला नाही. त्या दिवशी वाराही पाठीवर होता. पण नियमात बसेना इतका उतार असूनसुद्धा सामान्य धावपटू तिथे सपाट शर्यतीपेक्षा हळू पळाल्याचं सांगतात, याकडे माझं लक्ष गेलं. उतार फुकट नसतो, त्याची पावती नंतर फाडली जाते.

अथेन्सचा मार्ग याच्या बरोबर उलटा. मॅरेथॉन गावातून निघालेला रस्ता १० व्या किलोमीटरच्या आसपास चढू लागतो आणि तिशीच्या पुढेपर्यंत थोडाथोडा चढतच राहतो, मग शहरात उतरतो. २००४ च्या ऑलिंपिकची मॅरेथॉन त्याच वाटेने झाली. स्टेफानो बाल्दिनीने सुवर्णपदक जिंकलं ते २ तास १० मिनिटं ५५ सेकंदांत, आणि त्या वेळचा विश्वविक्रम होता २:०४:५५. उन्हाळा होता, पदकाची शर्यत होती, हे सगळं धरूनही त्या वीस किलोमीटरच्या चढाचा वाटा त्यात आहेच. मला तो मार्ग फार सुंदर वाटतो. कधीतरी जायचंय.

असो. माझ्या रस्त्याकडे येते.

मी सराव करते तो रस्ता पाण्याच्या टाकीकडे जातो. लांबी १.४ किलोमीटर. वाहनं जवळजवळ नाहीतच, टाकीवरचा एक माणूस सायकलवर येतो-जातो तेवढाच. ऑफिसमधले एक साहेब निवृत्त होताना मला त्यांचं जुनं अ‍ॅबनी लेव्हल देऊन गेले होते. वीतभर लांबीची पितळी नळी, वर एक छोटा बुडबुडा आणि बाजूला अंशांची कमान. डोळ्याला लावायचं, आपल्या डोळ्याच्या उंचीएवढ्या खुणेवर आडवी तार आणायची आणि हळूहळू चाक फिरवायचं. आत बसवलेल्या आरशात बुडबुडा दिसतो, तो तारेवर आला की कमानीवर अंश वाचायचा. एका रविवारी एका मैत्रिणीला पुढे काठी धरून उभं करत मी टाकीचा सगळा रस्ता असा मोजला. पहिले १,०५० मीटर तीन अंशांच्या आसपास, म्हणजे ५ टक्के. शेवटचे ३५० मीटर पाचच्या थोडं वर, म्हणजे ९ टक्के. एका फेरीत ८४ मीटर चढ. सात फेऱ्या केल्या की शर्यतीचा जवळजवळ सगळा चढ होतो, आणि तेवढाच उतारही.

ती लाल पेन्सिलीची ९ टक्क्यांची जागा मला अशी घराजवळ सापडली. तिथे मी एक प्रयोग केला. शेवटचे ३५० मीटर एकदा पळत गेले: ३ मिनिटं ५ सेकंद, वर पोचल्यावर नाडी १७२. पुन्हा खाली येऊन, तेवढीच विश्रांती घेऊन, हात मांडीवर न टेकता भराभर चालत गेले: ३ मिनिटं ४५ सेकंद, नाडी १५१. फरक ४० सेकंदांचा. शर्यतीतल्या ७०० मीटरला धरला तर ८० सेकंद. आणि चालत वर गेल्यावर मी लगेच पळायला लागू शकत होते, पळत गेल्यावर मिनिटभर नुसती धापा टाकत होते. तेव्हाच ठरलं, २७ नंतरचा लाल तुकडा मी चालणार. आयत्या वेळी हरल्यासारखं चालणं आणि ठरवून चालणं यात पायांना काय फरक पडत असेल कोण जाणे, पण मनाला जमीन-अस्मानाचा पडतो.

चढण्याबद्दल मला फार काही सांगायचं नाही, त्यावर खूप लिहिलं गेलंय. पावलं आखूड, नजर पंधरा-वीस मीटर पुढे, कमरेत वाकायचं नाही, घोट्यापासून अख्खं अंग किंचित पुढे. वेग पडू द्यायचा, जोर तोच ठेवायचा. एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते तपासत राहायचं. नाडीच्या पट्ट्यावर मी चढाच्या सुरुवातीला विश्वास ठेवत नाही, ती अर्धा-एक मिनिट उशिरा वर येते आणि तोवर आपण जास्त जोर लावून बसलेलो असतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड त्यांच्या धावपटूंना चढावर उड्या मारत पळायला लावायचे आणि रविवारी वायटाकेरेच्या डोंगरांतून ३५ किलोमीटरची फेरी करवून आणायचे. त्यांच्याच तालमीतले पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं घेऊन आले, आणि बॅरी मॅगीने मॅरेथॉनचं कांस्य मिळवलं. ८०० मीटर पळणाऱ्या स्नेललाही ती ३५ किलोमीटरची डोंगरफेरी चुकत नसे. मला उड्या मारायचं वय नाही, पण लांब पळणं डोंगरातच करायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

उतरणं मला शिकवलं आमच्या गटातल्या एका काकांनी. वय ६३, तीस वर्षं पळताहेत. या वर्षीच्या तिसऱ्या आठवड्यात टाकीच्या रस्त्यावर ते वळणापाशी थांबले होते. मी खाली आले तर म्हणाले, “अगं, तू दिसायच्या आधी मला तू ऐकू येतेस. त्या वळणापलीकडून.”

मी म्हटलं, “काका, वजन तर माझं तुमच्यापेक्षा कमी आहे.”

“वजनाचा आवाज नाही तो. ब्रेकचा आहे.”

मग त्यांनी मला शंभर मीटर पळून दाखवलं. नवा डांबरी रस्ता, सकाळची शांतता, आणि त्यांच्या पावलांचा फक्त सरसर असा आवाज, कोणी वाळलेल्या पानांवरून हात फिरवावा तसा. मग मी पळाले. थाप, थाप, थाप. प्रत्येक पावलाला टाच लांब पुढे जाऊन आपटत होती, खांदे मागे, हनुवटी वर. उताराला घाबरून माझं अंग मागे जात होतं आणि पाय पुढे. मी माझ्याच प्रत्येक पावलाने मला अडवत होते, आणि ते अडवणं मांड्या करत होत्या.

त्यांनी सांगितलेलं मी कागदावर लिहून ठेवलंय. पाऊल आपल्या खाली टाकायचं, पुढे नाही. पावलं आखूड आणि पटापट. सपाटीवर मिनिटाला माझी १७० पडतात, उतारावर १८० च्या पुढे न्यायची. अंग रस्त्याला काटकोनात ठेवायचं, आकाशाच्या दिशेने सरळ नाही. उतार पुढे झुकला असेल तर आपणही तेवढं झुकायचं, पुन्हा घोट्यापासून. हात बाजूला थोडे मोकळे सोडायचे. “आणि घड्याळ बघू नकोस,” म्हणाले, “आवाज ऐक. आवाज कमी झाला की समज बरोबर चाललंय.” त्या दिवसापासून उतारावर मी कानात काही घालत नाही. घड्याळाच्या पडद्यावरून पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, तोही काढून टाकला. आता त्यावर फक्त अंतर आणि नाडी दिसते.

यानंतरचे तेरा आठवडे माझा मुख्य सराव उताराचा होता. पहिल्यांदा फक्त तीन फेऱ्या, त्याही नुसत्या ५ टक्क्यांच्या भागात. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखल्या की खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. दहा दिवसांनी तेवढंच पुन्हा केलं तर दुखणं निम्म्यावर. शरीराची ही रीत मला फार आवडते: एकदा असा मार खाल्ला की स्नायू पुढचे काही आठवडे त्याच माराला तयार राहतो. एका चांगल्या उताराच्या सत्राचा फायदा आठवड्याने संपत नाही. म्हणून दर आठवड्याला मांड्या कुटायची गरज नाही. मी दहा-बारा दिवसांतून एकदा जोरात उतरले, मधले दिवस सौम्य. तीनवरून चार, पाच, शेवटी सात फेऱ्या.

लांब पळण्यात मी शर्यतीचा क्रम पाळला. ३२ किलोमीटरच्या दिवशी आधी टाकीच्या दोन फेऱ्या, मग खालच्या सपाट रस्त्यावर पंधरा किलोमीटर, आणि मग, पाय थकल्यावर, पुन्हा टाकीच्या चार फेऱ्या. ताज्या पायांनी उतरणं कोणालाही जमतं. मला ३१.५ नंतरचं उतरणं शिकायचं होतं.

ज्यांच्याजवळ टेकडीच नाही त्यांना मी हेच सांगते. उड्डाणपूल किंवा पार्किंगच्या इमारतीचा रॅम्प शोधा, आणि तोही नसेल तर जिना. ट्रेडमिल चढ देते, पण बहुतेक ठिकाणच्या ट्रेडमिलला उतार नसतो, आणि गरज उताराचीच जास्त आहे. घरी मी २० सेंटिमीटर उंच लाकडी पाटावर एका पायावर उभी राहते आणि दुसरी टाच तीन सेकंद मोजत हळू जमिनीवर आणते. गुडघा आत न वळू देता. प्रत्येक पायाला बारा वेळा, असे तीन संच, आठवड्यातून दोनदा. कंटाळवाणं आहे, पण याने माझं बरंच काही बदललं. पहिल्या आठवड्यात डावा गुडघा सहाव्या वेळीच लटपटायचा, आता शेवटपर्यंत सरळ राहतो.

बुटांचं थोडक्यात. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं आपटतात. मागच्या वेळी माझी दोन नखं काळी पडून गेली. आता अर्धा नंबर मोठा बूट आणि लेस बांधताना घोट्याजवळचं शेवटचं भोक वापरून दोन्ही बाजूंना छोटा फासा, मग गाठ. टाच जागची हलत नाही. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापायची, आदल्या रात्री नाही.

जेल, म्हणजे पळताना ताकदीसाठी गिळायच्या गोड पुड्या, कधी घ्यायचे तेही मी एल-सेक्शनवर छोट्या गोलांनी दाखवलंय. चढावर तोंडाने श्वास चालू असताना गिळणं अवघड जातं, उतारावर पोट हिंदकळतं. म्हणून दोन्हींच्या आधी, सपाट जागी. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा गोल २२.५ वर आहे, मोठ्या चढाच्या दीड किलोमीटर आधी. भूक असो वा नसो.

आता शर्यतीच्या दिवसाचं. सपाटीवर मी किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंदांनी मॅरेथॉन पळते. पहिल्या चढावर ७:१० ला पळायचंय, आणि तिथे खूप लोक मला मागे टाकतील. टाकू देत. ९ ते १३ च्या उतारावर मागच्या वेळसारखं ५:१५ ला जायचा मोह होईल. पट्टीवर तिथे मी ‘५:५०’ लिहून दोनदा अधोरेखित केलंय. ती चार किलोमीटरची बचत मला ३१.५ नंतर हवी आहे. मोठ्या चढावर साडेसात, लाल तुकड्यात चालणं, आणि माथ्यावर पोचल्यावर लगेच वेग न धरता दोनशे मीटर पाय मोकळे होऊ द्यायचे. तिथून खाली पावलांचा आवाज ऐकत. ४० व्या किलोमीटरचा तीस मीटरचा उंचवटा तेव्हा डोंगराएवढा वाटणार हे मला माहीत आहे, म्हणून त्याच्या आर.एल.खाली मी ‘टाकीचा अर्धा रस्ताही नाही’ असं लिहिलंय. ४ तास ४० मिनिटांच्या आत आले तर मला खूप आनंद होईल. पण ३८ पर्यंत मांड्या शाबूत ठेवून पळत खाली आले, तर त्याहून जास्त.

शेवटचं जोराचं उताराचं सत्र परवा झालं. आता शर्यतीपर्यंत जोरात उतरायचं नाही, तंतू सांधायला वेळ हवा. सात फेऱ्यांपैकी सहा मी एकटीने केल्या. शेवटच्या फेरीच्या वेळी काका आले. मी वर निघाले तेव्हा ते वळणापाशी दगडावर बसून बुटाची लेस सोडवत होते.

टाकीला हात लावून मी वळले. नऊ टक्के संपले, पाच सुरू झाले. पाय जड होते पण हलत नव्हते. सगळीकडे शांत होतं, टाकीच्या पाइपमधून पाणी पडल्याचा आवाज मागे मागे जात होता. वळण आलं. काका तसेच खाली वाकून बसलेले, पाठ माझ्याकडे. मी त्यांच्या शेजारून पुढे गेले, थांबले आणि परत आले, तेव्हा माझी सावली त्यांच्या बुटावर पडली आणि त्यांनी मान वर केली.

“अगं,” ते म्हणाले, “केव्हा आलीस?”